सूर्यास्ताआधीचे बारा चमचे

मंगरूळपीरात कोणालाही माझ्याबद्दल विचारा. "रामकिसन डॉक्टर ना? हाताले चांगला, तोंडाले वाईट," असंच सांगतील. खोटं नाही ते. तीस वर्षं मी पेशंटवर ओरडत आलो. पथ्य मोडलं की ओरडायचो, उशिरा आले की ओरडायचो, आणि कोणी उलट प्रश्न विचारला तर सगळ्यात जास्त ओरडायचो. पुरुष हसून घ्यायचे. बाया घाबरायच्या, आणि खरं सांगतो, त्याचा मला तेव्हा थोडा अभिमानच होता. घाबरतात म्हणजे ऐकतात, असं वाटायचं.

नोकरदाराची असो, पाटलाची असो, वाण्याची असो, पोटुशी बाई दवाखान्यात आली की मी एक प्रश्न हमखास विचारायचो. "दारू, अफू, ताकदीचं टॉनिक, असलं काही पोटात जाते का? कधी घेता, किती घेता, कशावर घेता?" बायांना राग यायचा. एका मास्तरणीनं तर नवऱ्याला पाठवलं होतं मला जाब विचारायला. दवाखाना बंद करेपर्यंत मी तो प्रश्न सोडला नाही. पण सुरुवातीची नऊ-दहा वर्षं मी तो विचारत नव्हतो. म्हणजे विचारायचो, पण ठरावीक बायांनाच.

हीराबाई गेल्या महिन्यात गेली. बावन्न वर्षांची होती. कापड दुकानवाल्या नथमलची बायको. गावाच्या लेखी एक साधी बाई, उपासतापास करणारी, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली. मसणवटीतून परत येताना लोक म्हणाले, "पुण्यवान होती." एक गोष्ट पोटात ठेवायची असं आमचं दोघांचं ठरलं होतं. ज्यांच्यासाठी ती ठेवली, ती माणसं आता उरली नाहीत. आज मी बोलणार.

एकोणीसशे एकाहत्तरचा उन्हाळा संपत आला होता. दर्ग्याच्या रस्त्यावर माझा दवाखाना, दोन खोल्यांचा. एक बसायची, एक तपासायची. मदतीला सोजरबाई. आसेगावची विधवा, सुईणपण शिकून आलेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. एक दिवस लखमीचंद शेटच्या घरून धापूबाई सुनेला घेऊन आल्या. धापूबाई म्हणजे शेटची बायको, नथमलची आई. तब्येतीनं कडक, जिभेनं त्याहून कडक. सून मागं, घुंगट गळ्यापर्यंत ओढलेला. ती हीराबाई. तेव्हा बावीसची.

"डॉक्टरसाहेब, दोन खेपा वाया गेल्या," धापूबाई म्हणाल्या. "आता तिसरा महिना लागून राह्यला. ही काही खात नाई, काही पेत नाई. अशानं लेकरू कसं टिकन?"

मी सुनेला विचारलं, "उलट्या होतात का?"

"होतात ना, लय होतात," धापूबाईंनी सांगितलं.

"झोप लागते का?"

"कायची झोप बाप्पा!" पुन्हा धापूबाई.

त्यांच्या मारवाडी जैन घरची रीतच तशी. सासू सोबत असली की सुनेनं परपुरुषाशी बोलायचं नाही, मग तो डॉक्टर का असेना. मी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी घुंगटाच्या फटीतून पाहिली. रक्त कमी. लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि कपाटातून एक बाटली काढली. त्या वर्षी कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून येऊन खोकंभर बाटल्या ठेवून गेला होता. चिठ्ठीवर काळ्या द्राक्षांचा घड. भूक लागावी, अंगी लागावं म्हणून बाळंतिणींना आणि पोटुशींना ते टॉनिक आम्ही सगळेच द्यायचो. खाली इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल सतरा टक्के.

मला ते माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. चांगलं माहीत होतं. औषधात अल्कोहोल असतंच, असं आम्ही म्हणायचो आणि विषय संपायचा. दारूचं पान आमच्या पुस्तकात होतं, पण ते यकृताचं. पोटातल्या गर्भाचं आणि दारूचं काही देणंघेणं असतं, हे कॉलेजात एकाही मास्तरनं सांगितलं नव्हतं. उलट मोठ्या शहरांतले डॉक्टर अवेळी कळा सुरू झालेल्या बाईला शिरेतून अल्कोहोल चढवायचे, कळा थांबाव्यात म्हणून. तिथं माझ्या बाटलीची काय कथा!

"दोन मोठे चमचे, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर," मी सांगितलं. "आणि ऐका. एक खुराकही चुकला तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. मागच्या दोन खेपांसारखं करून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा."

घुंगट हलला. ती काहीतरी पुटपुटली. धापूबाईंनी तिचा दंड धरला, आणि दोघी गेल्या.

सोजरबाई चादर बदलत होती. ती म्हणाली, "साहेब, त्यायच्या घरी दिवस बुडल्यावर काही घेत नाईत. पानी बी नाई, दवा बी नाई. आता चातुर्मास लागते. तीन येळा कशी घेईन ते पोरगी?"

"डॉक्टर तू का मी?" मी म्हणालो.

सोजरबाई चादर घडी करून आत निघून गेली.

त्याच आठवड्यात तांड्यावरून रामीबाई आली होती, सेवालालची बायको. तीही पोटुशी, पाचवा महिना. आत आल्याबरोबर मी पहिला प्रश्न टाकला, "दारू पितेस का गं? मोहाची?" का विचारला? तांड्यावरची म्हणून. दुसरं कारण नव्हतं. गर्भाची काळजी म्हणून नव्हे, लिव्हर खराब होतं म्हणून. रामीबाईनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "साहेब, मी थेंबाले हात लावत नाई. तुमी समद्याईलेच इचारता हे, का मलेच?" मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "जास्त बोलू नको." तिचं पोरगं पुढं सात पौंडांचं झालं, धट्टंकट्टं. पण तिचा प्रश्न मात्र माझ्या टेबलावरच पडून राहिला, आणि मी तो उचलायला आठ वर्षं लावली.

श्रावणात एकदा धापूबाईंचे गुडघे पाहायला मी शेटच्या घरी गेलो. दिवस मावळतीला आलेला. घरात दिवा लावायच्या आधीची लगबग, चूल विझलेली, भांडी घासून पालथी घातलेली. हीराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि चक्क हसली. घुंगट अर्धा मागं सरकलेला, गाल लालबुंद. "डॉक्टरसाहेब, च्या नाई देत, आमची चूल झोपली," असं म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा हसली. धापूबाईंनी डोळे वटारले, पण त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं.

"तुमची दवाई लागू पडली," त्या म्हणाल्या. "आता पोरीच्या तोंडावर तेज आलं. रातची झोपते अशी, की ढोल वाजवला तरी उठत नाई."

मी खूश झालो. डॉक्टरला दुसरं काय पाहिजे असतं? मी म्हणालो, "मग आता दुप्पट करा. चार चमचे, तीन वेळा." आणि घरी येऊन बायकोजवळ बढाई मारली की लखमीचंद शेटची सून मी माणसात आणली.

लाल गाल, सैल जीभ, गाढ झोप. तांड्यावरच्या बाईच्या अंगावर ही तीन लक्षणं दिसली असती तर मी दारातूनच ओळखली असती. शेटच्या घरात मला तेज दिसलं.

जानेवारीत सोजरबाईनं बाळंतपण केलं. मुलगी. साडेतीन पौंड. महिने भरलेले, तरी एवढीशी. डोळे बारीक, वरचा ओठ दोऱ्यासारखा पातळ, आणि नाकाखाली सगळ्यांच्या असते ती पन्हळ नाहीच, सपाट. रडणं मांजराच्या पिल्लासारखं. मी म्हणालो, "अशक्त आहे, सुधारेल." धापूबाईंनी तिला दिव्याजवळ नेऊन निरखून पाहिलं आणि सुनेकडं वळल्या.

आदल्या श्रावणात, ती पोटुशी असताना, राखीच्या रात्री चंद्रग्रहण होतं. संध्याकाळी, वेध लागलेले असताना, हीराबाईनं नवऱ्याच्या मनगटावरच्या राखीचा लोंबता दोरा दातानं तोडला होता. धापूबाईंनी ते पाहिलं होतं. तेव्हा त्या ओरडल्या होत्या, आणि सून, सांगायला नको, हसली होती.

"दातानं दोरा तोडला होता ना? आता पहाय पोरीचा ओठ," त्या म्हणाल्या.

मी तिथंच उभा होतो. मी म्हणालो, "काहीतरीच काय!" एवढंच. माझ्याजवळ दुसरं कारण असतं तर दिलं असतं. नव्हतं, म्हणून बॅग उचलून निघालो.

पुढची सात वर्षं हीराबाई त्या दोऱ्याचं फेडत राहिली. मुलीचं नाव पाना ठेवलं. पाना उशिरा बसली, उशिरा चालली, चौथ्या वर्षी बोलली. शाळेत घातली तर पहिलीतूनच परत पाठवली. काल शिकवलेलं आज नवं. पण पोरगी मोठी लाघवी. दवाखान्यासमोरून जाताना आत डोकावायची, मूठ उघडायची, त्यात दोन बोरं. "डाक्टर, खा." पंधराव्या मिनिटाला पुन्हा यायची, पुन्हा दोन बोरं. मी एवढा रागीट माणूस, पण तिच्यावर कधी ओरडवलं नाही.

आणि तिची आई उपास करायची. आधी आठवड्यातून एक, मग दोन. पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. गावातल्या बाया कौतुक करायच्या. मला कौतुक वाटत नव्हतं, कारण का करते ते मला ठाऊक होतं. नथमल भला माणूस, पण आईपुढं तोंड उघडायचा नाही. पानानंतर मूल झालं नाही. झालं असतं तरी त्या बाईनं काय सुखानं वाढवलं असतं! घरात कोणाचं भांडं फुटलं तरी धापूबाई दोरा काढायच्या. कोणी पाहुणी आली की पानाला पुढं उभं करून गोष्ट सुरू, "ग्रहन होतं, अन् इनं दातानं..." हीराबाई शेजारी उभी राहून ऐकायची. माझ्या समोर दोनदा झालं हे.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत आम्हां खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांसाठी नागपुरात दोन दिवसांचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, अर्धे लोक पेंगत होते. एक तरुण लेक्चरर बाई पडद्यावर चित्रं दाखवत होती. परदेशात पाच वर्षांपूर्वी काहींनी लिहून काढलंय, म्हणाली, की आईनं गरोदरपणात दारू घेतली तर मूल असं होऊ शकतं. पडद्यावर एका गोऱ्या पोराचं तोंड आलं. बारीक डोळे. पातळ ओठ. नाकाखाली सपाट.

मागून कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडं बाया कुठं पितात?" सगळे हसले. मी पण हसायला तोंड उघडलं, आणि तसाच राहिलो. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. रोज मला दोन बोरं द्यायचं.

एसटीत अर्ध्या वाटेपर्यंत मी स्वतःशी भांडत आलो. नाही, शक्यच नाही. दोन-दोन, चार-चार चमचे, दिवसातून तीन वेळा, भरल्या पोटी. तेवढ्यानं काय होतं? ती गोरी बाई बाटल्याच्या बाटल्या पीत असेल. चहाला गाडी थांबेपर्यंत मी स्वतःला निर्दोष सोडूनही दिलं होतं. माणूस स्वतःचा वकील झाला की खटला लवकर निकालात निघतो.

तरी घरी आल्यावर कपाटातल्या उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. सोजरबाई पाहत होती.

पुढच्या महिन्यात कळलं, हीराबाईनं वर्षीतप धरलं. वर्षीतप म्हणजे वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण, आणि शेवटी अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. पण काय सांगणार? धापूबाई, तुमच्या घरात रात्री पाणी चालत नाही, कांदा चालत नाही, आणि मी तुमच्या सुनेला दारू पाजली? गावातली अर्धी पेठ माझ्याकडं यायची. दुसऱ्या दिवसापासून कोण आलं असतं? लाज होती, भीती होती. आणि वर ती सबब होतीच, चार चमच्यांनी काय होतं. एक वर्ष मी असं काढलं. नालायकपणानं काढलं, दुसरा शब्द नाही त्याला.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत हीराबाई विहिरीवर चक्कर येऊन पडली. शेजारच्या बायांनी उचलून दवाखान्यात आणली. हातात घेतलेला तिचा दंड माझ्या मनगटाएवढाही राहिला नव्हता. सलाईन लावलं. धापूबाईंना तेव्हा मोतीबिंदूनं काही दिसत नव्हतं, त्या आल्या नव्हत्या. ती पहिली वेळ, की माझ्यासमोर हीराबाई एकटी होती.

"हे उपास बंद करा," मी म्हणालो. "मरून जाल. तुमचा काहीच दोष नाही."

तिनं डोळे उघडले. "मंग कोनाचा हाय?"

मी सलाईनची सुई नीट केली. ती नीटच होती. "आराम करा," म्हणालो आणि बाहेर आलो.

सोजरबाई दारातच उभी होती. तिनं माझा रस्ता अडवला. इतक्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं.

"साहेब, तुमी बाटल्या मोरीत वतल्या, तवाच मी समजली," ती म्हणाली. "त्या टानिकातच काही होतं ना?"

"थोडंसं होतं. पण तेवढ्यानं काही होत नाही. चार चमचे..."

"चार कायले? बारा! दिवसभराचे तीनबी खुराक ते एकाच येळी घेत होती, दिवस बुडायच्या आंधी. सकाळी पूजा, दुपारी एकासनं. एकासन्याच्या दिवशी एकदाच बसायचं, एकदाच जेवायचं, अन् दवा-पानी दिवस बुडायच्या आंधी एकदा. चुकला खुराक तर येऊ नका, असं तुमीच सांगतलं होतं. मंग ते काय करन बिचारी? सासू पेला भरून द्यायची. मी बाळंतपनाच्या येळी सोता पाह्यला तो पेला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं," सोजरबाई म्हणाली. "तुमी म्हनले, डॉक्टर तू का मी."

मी खुर्चीत बसलो. माझी एक वर्षाची सबब त्या एका पेल्यात बुडाली. दुपारी एकदा जेवलेलं पोट, सतरा टक्क्यांची पेलाभर दारू, रोज, पाच-सहा महिने. आणि तिचे गाल लाल झालेले पाहून दुप्पट कर म्हणणारा मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लखमीचंद शेटच्या घरी गेलो. शेट वारून तीन वर्षं झाली होती, नथमल दुकानात. ओट्यावर धापूबाई माळ ओढत बसल्या होत्या. "कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, सुनेला पाहायला आलो म्हणालो. "जा आत," त्या म्हणाल्या, "पन उपास सोड म्हनू नका तिले."

हीराबाई स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत होती. पाना तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेजारी बसलेली. मला पाहून उठली आणि बोरं शोधायला मागच्या दारी पळाली. फळीवर, तेलाच्या डब्याशेजारी, ती बाटली होती. द्राक्षांचा घड धुवून धुवून फिका पडलेला. आता तिच्यात एरंडेल होतं.

"ते बाटली आठवते?" मी विचारलं.

"आठवते ना. कशी नाई आठवनार?" तिनं घुंगट थोडा मागं घेतला.

"कशी घेत होत्या तुमी?"

"तुमी सांगतलं तशीच. एक खुराक चुकू देला नाई. दिवस बुडायच्या आंधी समदी घेऊन टाकाची. सासूबाई सोता पेल्यात वतून देत."

"एकदमच घ्यावं लागते, हे मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी ओरडता ना," ती म्हणाली.

मी खाली जमिनीवर बसलो, आणि सांगून टाकलं. त्यात दारू होती. मला ठाऊक होतं. पोटातल्या लेकराला ती लागते हे तेव्हा आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नाही. पानाचं तोंड, पानाची मती, बहुतेक त्यानंच. शपथेवर सांगता येत नाही. पण दोऱ्यानं नाही, हे शपथेवर सांगतो. "सात वर्षं तुमी जे फेडून राह्यल्या, ते तुमचं नाही. माझं आहे."

डाळीतला तिचा हात थांबला होता. "दारू?" तिनं विचारलं, फार हळू. मला वाटलं, रडेल. किंवा मला घराबाहेर काढेल, तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"मले ते आवडत होतं, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"दिवस बुडायची वाट पाहत होती मी. या घरात आल्यापासून मी तेवढेच महिने हासली. मले वाटे, लेकरू पोटात हाय, म्हनून इतकं बरं वाटते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते बी खोटंच होतं मंग."

मी उठलो. "मी आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन धापूबाईंना सांगतो," म्हणालो. "नथमलला सांगतो. यापुढं कोणी दोऱ्याचं नाव काढायचं नाही. लोकांनी मला शिव्या द्यायच्या तर देऊ द्या."

"नाई!" ती ताडकन उठली. ताट कलंडलं, डाळ घरभर झाली. "त्याईले नाई सांगायचं."

"काहून? त्यांनीच तर तुमाले..."

"त्याईनंच तर पाजली ना, सोताच्या हातानं!" ती कुजबुजत बोलत होती, पण शब्दाशब्दावर जोर होता. "पंचाहत्तर वर्साची बाई हाय. जल्मात दिवस बुडल्यावर पानी नाई घेतलं तोंडात. आपन घरात सुनेले दारू पाजली, नातीचं वाटोळं आपल्याच हातानं केलं, हे घेऊन मरन का ते? कसं मरन सांगा? मले बोलली, लय बोलली. पन दोरा मी तोडला होता, तेवढं तर खरं हाय. राहू द्या तेच."

"आणि तुमी?"

"मले समजलं ना आता. मह्या एकटीपुरतं पुरे हाय."

"मग निदान उपास तरी सोडा."

"एकदम सोडला तर इचारतीन, काहून सोडला." तिनं वाकून डाळ गोळा करायला सुरुवात केली. "अक्षय तृतीयेले पारनं करतो. त्याच्यानंतर नवा धरत नाई. हे तुमाले वचन देतो. तुमी बी मले द्या."

मी दिलं. दुसरं द्यायला माझ्याजवळ होतं काय?

पाना मागच्या दारातून आली, मूठ पुढं केली. दोन बोरं. मी घेतली आणि तोंडात टाकली, बीसुद्धा थुंकायचं सुचलं नाही. हातात बॅग घेऊन ओट्यावर आलो. हीराबाई मागं दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, पाना तिच्या पदराला धरून.

धापूबाईंनी माळ थांबवली. आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं. "लय येळ बोलत होते. काय म्हने ते? कायचं भांडं पडलं?"

"डाळ सांडली," मी म्हणालो. "बाकी ठीक आहे."

"तिले समजवा डॉक्टरसाहेब, तुमी शिकेल मानूस. मी मेल्यावर बी फेडत राहाय म्हना. ग्रहनात दोरा तोडला, त्यानंच झालं ना ते पोरीले? तुमाले बी तसंच वाटते ना?"

मी दाराकडं पाहिलं. हीराबाईनं पदर ओढून घेतला होता, तोंड दिसत नव्हतं. फक्त पानाच्या डोक्यावर ठेवलेला तिचा हात दिसत होता. मी मान हलवली. पण धापूबाईंना ते दिसणार नव्हतं.

"बोला ना, गप काहून झाले?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "दोऱ्यानंच."